घरचा वायसर

नळात घालायचा वायसर विकत आणायचा नाही, एवढंच खरं तर बचतरावांनी ठरवलं होतं. वायसर म्हणजे केवढा? रबराची बोटाच्या पेराएवढी चकती. तिच्यापायी घरातलं एक ताठ माणूस दिवसाढवळ्या एका बाजूला कलंडेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

बचतराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कचेरीत जावक कारकून होते. आलेली पाकिटं अलगद उसवायची, उलटी करायची, पुन्हा चिकटवायची आणि जाणाऱ्या टपालाला वापरायची, ही त्यांची पद्धत इतकी गाजली की साहेबांनी एकदा भर मीटिंगमध्ये त्यांना या नावाने हाक मारली. साहेबांनी मारला होता टोमणा. बचतरावांना वाटलं, पदवी मिळाली. (घरी येऊन त्यांनी ती बायकोला दोनदा सांगितली.) घरात टूथपेस्टची ट्यूब ते आधी लाटण्याने लाटत, मग कात्रीने चिरत. साबणाची चिपटी नव्या साबणाच्या पाठीवर बसवत. "या घरात वाया जातो तो फक्त माझा आवाज," असं बायको म्हणे.

तो आवाज तिने त्या आठवड्यात पुन्हा एकदा खर्च केला.

"हे बघा, बाबा येतायत. चार दिवस तुमची काटकसर कपाटात ठेवा. मागच्या वेळी ते आंघोळ करत असताना तुम्ही बाहेरून दिवा मालवलात."

"आत कुणी आहे असं वाटलं नाही. काही आवाजच नव्हता."

"साबण लावताना माणूस काय आवाज करणार, हो?"

बचतरावांकडे याचं उत्तर होतं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते वाचवलं. तिचे वडील आता एकटे होते. कायमचं इकडे या म्हणून ती दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती, आणि ते "बघू" म्हणत होते. या खेपेला "चार दिवस राहून बघतो, मग सांगतो" इथपर्यंत गाडी आली होती. आता मोडता घातला जायचा तर तो कुणाकडून, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. म्हणजे बचतराव सोडून सगळ्यांना.

बाबा म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. बसले तरी उभे असल्यासारखे वाटत. आल्या दिवशी त्यांनी चहा घेतला, कान टवकारले आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचा नळ गळतोय."

"थेंबच पडतोय, बाबा. खाली भांडं लावलंय. तेच पाणी झाडांना घालतो."

"झाडं कुठायत?"

"झाडं घ्यायचीयेत," बचतराव म्हणाले.

बायकोने सरळ प्लंबरला फोन लावला. तो आला, नळ बघितला आणि म्हणाला, "वायसर गेलाय. पण नळच जुना आहे, अख्खा बदलू." अख्खा हा शब्द बचतरावांच्या छातीत बाणासारखा घुसला. त्यांनी प्लंबरला गोड बोलून दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन जाहीर केलं, "वायसर मी घरी बनवतो. जुन्या चपलेच्या रबराचा. विकतच्या तोंडात मारेल असा!"

"चप्पल कुठली?"

"तूच म्हणालीस ना, फेकायच्या चपला दाराबाहेर ठेवल्यात म्हणून?"

तिने ठेवल्या होत्या. सकाळी. आणि दुपारी कचरेवाला त्या घेऊनही गेला होता.

बचतराव बाहेर गेले तेव्हा दारात एकच जोड होता. तो त्यांनी हातात घेऊन पारखला. उजवीचा तळ पातळ, डावीचा चांगला बोटभर जाड. (इथे दुसऱ्या कुणालाही शंका आली असती.) बचतरावांना मात्र आधी कीव आली. कसा बेहिशेबी चालत असेल हा माणूस, एक चप्पल पार झिजवली आणि दुसरी नव्यासारखी! असा जोड कोण घालणार? त्यांनी सुरीने डावीच्या तळाचा, टाचेसकट, जादा थर सोलून काढला, त्यातून चकती कापली, आणि दोन्ही चपला आता सारख्या दिसतायत हे पाहून खूश होऊन जोड नीट जागेवर ठेवला. फुकटात दुरुस्ती!

मग सिंकखालचा कॉक बंद करून त्यांनी नळ खोलला, वायसर बसवला, नळ आवळला. सगळे श्वास रोखून बघत राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. थेंब नाही.

"वा!" बाबा म्हणाले. जावयाला लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. बायकोच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. बचतराव एवढे फुगले की त्यांना स्वयंपाकघर अपुरं पडू लागलं.

"कुणी हात लावू नका," त्यांनी हुकूम सोडला. "दोन तास रबर बसू दे."

संध्याकाळी बाबा फिरायला निघाले. चपला पायात सरकवल्या, चार पावलं टाकली आणि भिंत धरली.

"पोरी, तुमचा जिना तिरका झालाय का गं?"

"अगं बाई! बाबा, चक्कर येतेय का? बसा आधी. अहो, डॉक्टरांना फोन करा!"

"फोन कशाला? दवाखाना कोपऱ्यावर तर आहे," बचतराव म्हणाले. "चालत नेऊ."

"त्यांना चालता येत नाहीये!"

तिने वाकून बाबांच्या चपला काढल्या, आणि वाकलेलीच राहिली. मग सावकाश मान वर करून तिने नवऱ्याकडे पाहिलं. डावा पाय मोडला तेव्हापासून बाबांचा तो पाय बोटभर आखूड होता. ताठ चाल सुटू नये म्हणून त्यांनी खास जोड शिवून घेतला होता, आणि ही गोष्ट लेकीशिवाय कुणाला कळू दिली नव्हती. जावयालाही नाही.

"बाबा, तुमची टाच..." ती कशीबशी म्हणाली, "नळात आहे."

बाबांनी चप्पल उलटीसुलटी पाहिली.

"हिच्यासाठी स्थळं बघताना मी चपला झिजवल्या," ते शांतपणे म्हणाले, "आणि त्यातून मिळालेला हा जावई उरलेल्या सोलतोय. उद्या सकाळची गाडी किती वाजता आहे गं?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. बचतराव घाईने पुढे आले. त्यांनी हात जोडले.

"बाबा, जाऊ नका. चूक झाली. उद्या नवा जोड शिवून आणतो, म्हणाल तितक्या किमतीचा." (हे वाक्य त्यांच्या तोंडून बायकोने प्रथमच ऐकलं.) "पण एक बघा, तुमच्या टाचेने नळ थांबला की नाही? टिपूस नाही!"

"पाणी आण," बाबा लेकीला म्हणाले. "घसा कोरडा पडला."

ती आत गेली. नळ फिरवल्याचा आवाज आला. पुन्हा फिरवल्याचा आला.

"अहो! पाणीच येत नाहीये!"

बाबा भिंतीला धरून, डावीकडे झुकत, स्वयंपाकघरात गेले. त्यांनी नळाकडे पाहिलं, खाली वाकून सिंकखाली हात घातला आणि बंद असलेला कॉक उघडला. नळ धो धो वाहू लागला. त्यांनी तो बंद केला.

टप्. टप्. टप्.

बाबांनी कवायतीत मोजतात तसे दहापर्यंत थेंब मोजले. मग लेकीकडे वळले.

"कपाटात एक कप्पा रिकामा कर. मी राहतो."

"खरंच, बाबा?"

"तुला याच्यासोबत एकटी कशी सोडू?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत बचतरावांनी उलट्या पाकिटांवर पत्ते लिहिता लिहिता मान ताठ करून सगळ्यांना सांगितलं, "आमचे सासरे कायमचे राहायला आले. माझ्यामुळे."

आणि यातला शब्द न् शब्द खरा होता.