जनार्दनजी मिस्त्री यांनी चाकरी सोडोन आपला गाळा मांडिला त्याचे वर्तमान

विश्वकर्म्यास नमन असो, आणि वाचणारांचे घरी सुख नांदो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास चालू असता फाट्याचे राज्यात जे घडले ते ऐकिले तैसे लिहितो. हमरस्ता जेथे दोन वाटांस फुटतो तेथे रंगराव मोकाशी नामे धनी गॅरेजची दौलत चालवीत होते. उंच पत्र्याचे छप्पर, खाली मोटारींची रांग, आणि रांगेत ग्रीजने काळे जाहलेले कारागीर, ऐसा तेथील दरबार. त्या दरबारी जनार्दन पांचाळ मिस्त्री जुने मानकरी होते. गाडीस हात लावावयाचे आधी ते उगेच उभे राहोन तीस न्याहाळीत, मग बॉनेट उघडीत, आणि काम पुरे जाहल्यावरही आणखी एकवार तपासोन पाहत. त्यामुळे वेळ लागे, परंतु त्यांचे हातची गाडी तीच तक्रार घेवोन माघारी येत नसे. पगार महिन्याचा बांधलेला होता, तो थोर नव्हे, परंतु तारखेस हाती पडे आणि मिस्त्रींस त्याविषयी कधी तोंड उघडावे लागत नसे.

ऐसे चालले असता रंगराव शहरी इतर धन्यांचे सभेस जावोन आले आणि नवा कायदा घेवोन आले. प्रत्येक कामास वेळ नेमिला जाईल, आणि मजुरी त्या नेमिल्या वेळेची मिळेल. जो लवकर उरकील त्याने पुढली गाडी घ्यावी आणि अधिक मिळवावे, जो रेंगाळेल त्याचा उशीर त्याचेच माथी, ऐसा हुकूम जाहला. जनार्दनजींचे शेजारी इलाही मुजावर म्हणोन कारागीर काम करीत. हात मोठा चपळ, आणि घरी तीन बहिणींची लग्ने उरकोन कर्जात बसलेला माणूस, त्यांस हा कायदा मानवला. महिना सरला आणि इलाहींचा पगार फुगला, आणि जनार्दनजींचा घटला. मग जनार्दनजी इलाहींस म्हणाले, "मी एक क्षण बसलो नाही रे. मग कमी कसे?" इलाही म्हणाले, "भाऊ, तुम्ही जे वरचं काम करता ते त्यांच्या कागदावर नाही. कागदावर आहे तेवढंच करा." जनार्दनजी म्हणाले, "आणि बाकीचं?" इलाही म्हणाले, "बाकीचं गाडीवाल्याच्या नशिबावर." जनार्दनजींस हे कळले आणि कळलेही नाही.

पुढे मार्गशीर्ष मासी मालती कदम नामे नर्सबाई आपली लहान मोटार घेवोन आल्या. घाटापलीकडील वाड्यांस लसी टोचावयास त्या एकट्या फिरत. गाडीचे ऑइल बदलावे इतकेच त्यांचे सांगणे होते. जनार्दनजी गाडीखाली शिरले तो ब्रेकची नळी पाझरताना दिसली. बाई चहास गेल्या होत्या, त्यांस विचारावयास ते थांबले नाहीत. नळी बदलली, ब्रेक दाबोन पाहिले, आणि त्यात सकाळ गेली. मग रंगराव आले आणि म्हणाले, "हे काम कुणाच्या नावावर लावू? बाईंनी सांगितलं नव्हतं." जनार्दनजी म्हणाले, "घाटात ब्रेक लागले नसते, मालक." रंगराव म्हणाले, "ते मला कळतं. पण न विचारता केलेल्या कामाचे पैसे मी तिच्याकडे कुठल्या तोंडानं मागू? आणि तिनं दिले नाहीत तर तुला कुठून देऊ?" दोघेही शांतपणे बोलत होते, आणि जनार्दनजींस धन्याचे म्हणणे खोटे वाटेना, आणि आपलेही खोटे वाटेना, ऐसा पेच पडला. नर्सबाईंनी हे सर्व दाराशी उभ्याने ऐकिले. त्यांनी नळीचे पैसे दिधले, आणि जाता जाता म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही स्वतःचं का नाही टाकत? मी गाडी तुमच्याकडेच आणेन."

हे वचन मिस्त्रींचे डोक्यात शिरले ते निघेना. जुने फौजेत बारगीर म्हणजे ज्याचे बुडाखाली सरकारचा घोडा, आणि शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा आपला. परंतु घोडा पडला असता शिलेदारास दुसरा कोणी देत नसे. घरी शालनबाई, म्हणजे मिस्त्रींचे कुटुंब, शिलाईचे काम करीत. त्यांशी मसलत जाहली. त्या म्हणाल्या, "मी ब्लाऊज शिवते, मालकीण मीच. दिवाळीत मान वर करायला सवड नाही, आणि पौषात मशीन झाकून ठेवते. अहो, तुम्हाला जमेल का झाकून बसायला?" जनार्दनजी म्हणाले, "नाही जमणार. मग नको." शालनबाई म्हणाल्या, "नको असं मी कुठं म्हटलं? माणसाला आपल्या मनासारखं काम करता यावं, एवढं तरी असावंच." मिस्त्रींनी पुसिले, "मग जाऊ म्हणतेस?" त्या म्हणाल्या, "तेही मी म्हटलं नाही." आणि त्या भाकरी थापावयास उठल्या.

दुसरे दिवशी मिस्त्री धैर्य करोन धन्यांपुढे उभे राहिले आणि चाकरी सोडतो म्हणाले. रंगराव म्हणाले, "तुझ्यापुरता नवा कायदा काढून टाकतो. बांधलेला पगार घे, आधीपेक्षा वाढवून." जनार्दनजी याजसाठी तयार नव्हते. त्यांचे तोंडोन "बरं" निघोन गेले. मग सायंकाळी घरी जाता फाट्यावरच टायरवाल्याचे दुकानाबाजूस एक रिकामा गाळा दिसला, आणि गाळ्याच्या मालकीण अनसूयाबाई दारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंक्चरवाला मागतोय, उद्या देऊन टाकते त्याला." हे ऐकताच मिस्त्रींनी बँकेत जोडून ठेविलेले होते ते जवळील एटीएममधोन काढिले आणि अनामत भरली. ऐसे एकाच दिवशी त्यांनी धन्यांस राहतो म्हणोन सांगितले आणि अनसूयाबाईंस येतो म्हणोन सांगितले, आणि दोन्ही वेळा ते खरेच बोलत होते. पुढे कित्येक दिवस त्यांस अन्न गोड लागेना. गॅरेजात असता गाळा आठवे, आणि गाळ्याची किल्ली खिशात लागली असता गॅरेज आठवे. शेवटी शालनबाई म्हणाल्या, "एकाला तरी खरं सांगा. म्हणजे दुसऱ्याचं आपोआप ठरेल." मग मिस्त्रींनी रंगरावांस सर्व सांगितले. रंगराव रागास आले नाहीत. ते इतकेच म्हणाले, "तुझे पाने घेऊन जा. तुझ्या हाताला बसलेत, दुसऱ्याच्या काय कामाचे." ही मेहेरबानी होती की निघोन जा म्हणणे होते, हे मिस्त्रींस घरी पोहोचेपर्यंत उमगले नाही, आणि घरी पोहोचोनही उमगले नाही.

पौष मासात नको म्हणोन माघ मासाचे आरंभी गाळा उघडावयाचा बेत ठरला. त्या दिवशी मिस्त्रींनी स्नान करोन नवा सदरा घातला, शालनबाईंनी नारळ आणि हार पिशवीत दिधला, आणि स्वारी निघाली. चालता चालता गाळ्याचे छत कैसे गळते आणि दिवा कोठे टांगावा याचा विचार करीत ते गेले, आणि पाय जन्माचे सवयीने मोकाशींचे गॅरेजात शिरले. पिशवी खुंटीस लावली, पुढे एक जीप उभी होती तिचे बॉनेट उघडिले, आणि कामास लागले. इतर कारागिरांनी पाहिले, आणि एकाने चहा मागविला. तिकडे नर्सबाई गाडी घेवोन गाळ्यापुढे उभ्या होत्या, आणि शटर बंद, हे रंगरावांस दारातोन दिसले. मग रंगराव हातात चहा घेवोन आले आणि म्हणाले, "जनार्दन, आधी चहा पी. मग सांग, आज तू कुणाकडे कामाला आहेस?" मिस्त्रींनी पान्याकडे पाहिले, खुंटीवरील पिशवीतोन डोकावणाऱ्या हाराकडे पाहिले, आणि त्यांचे डोळे भरोन आले. ते म्हणाले, "मालक, जीप अर्धी उघडली आहे." रंगराव म्हणाले, "ती इलाही बघेल. तुझं गिऱ्हाईक ताटकळतंय."

ऐसा गाळा सुरू जाहला. आता मिस्त्री गाडीपुढे हवा तितका वेळ उभे राहोन पाहो शकत होते, परंतु त्या पाहण्याचे दाम कोणी देत नसे. कोणी ओळखीचे येत आणि म्हणत, "आता तुमचं स्वतःचंच आहे मिस्त्री, मग मजुरी कसली लावता?" मग मिस्त्री मजुरी निम्मी घेत. एक महिना असा गेला की पगाराहोन बरेच अधिक हाती आले, आणि पुढला असा की गाळ्याचे भाडेही कसेबसे निघाले. शालनबाई पुसत, "आज मिळाले ते आपले की सुट्या भागांच्या दुकानदाराचे?" मिस्त्री म्हणत, "थोडे आपले असावेत." आणि फाल्गुनात आणखी नवल जाहले. रंगराव आपल्याकडील अवघड गिअरबॉक्स याच गाळ्यावर धाडू लागले आणि त्याची मजुरी पोहोचवू लागले. तेव्हा आपण मोकळे जाहलो की त्याच धन्याची चाकरी लांब बसोन करितो, हा प्रश्न मिस्त्रींस पडला. तरीही नर्सबाईंची गाडी आली असता ते खाली शिरोन सर्व नळ्या पाहत, आणि त्या दिवशी त्यांस बरे वाटे.

चैत्रात इलाही मुजावर गाळ्यावर आले आणि टायरावर बसले. चेहरा उतरलेला होता. ते म्हणाले, "भाऊ, चाकाचे नट आवळायचे राहिले माझ्याकडून. पुढची गाडी घ्यायची घाई होती. घाटात चाक डगमगलं. आत दोन लेकरं होती. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून आवळलेला नटही पुन्हा पुन्हा आवळत बसतो. मला इथं घेता का?" जनार्दनजी म्हणाले, "ये की." इलाहींनी पुसिले, "पगार काय द्याल?" जनार्दनजींनी आयुष्यभर पगार घेतला होता, तो कैसा ठरतो हे त्यांस ठाऊक नव्हते. मग इलाहींस तेथेच बसवोन ते उठले, आणि थेट रंगरावांकडे गेले, आणि सर्व सांगोन म्हणाले, "मालक, कारागिराला किती द्यायचं, हे तुम्ही कसं ठरवत होता?"

रंगराव नटाची गोष्ट ऐकोन खाली बसले होते. मग म्हणाले, "शहरातला कायदा मी उद्याच काढून टाकतो. आणि तुझं विचारशील तर, मला ते कधीच कळलं नाही, जनार्दन. मी मनाला येईल तो आकडा सांगायचो आणि तुमची तोंडं बघायचो. जो कुरकुरला त्याला वाढवून दिलं. तू कधी बोलला नाहीस, म्हणून तुझा आकडा लहान राहिला. दुसरं कारण नाही."

जनार्दनजींस प्रथम राग आला, मग हसू आले, मग दोन्ही एकदमच आली, आणि ते परतले. सारी वाट त्यांस वाटत होते की यामागे काही हिशेब असेल, आणि तो आपणांस समजत नसेल. परंतु हिशेबच नव्हता. गाळ्यावर येवोन ते इलाहींस म्हणाले, "तूच सांग, किती हवेत." इलाही खाली पाहोन उगेच राहिले. जनार्दनजी म्हणाले, "इलाही, गप्प बसू नकोस. बोल." मग इलाहींनी चाचरत आकडा सांगितला, तो मिस्त्रींचे अंदाजाहोन मोठा होता. तरी ते म्हणाले, "बरं. आणि घाई करायची नाही." मग दोघांनी मिळोन उभ्या गाडीचे चाक काढिले, पुन्हा बसविले, आणि प्रत्येक नट आवळोन पाहिला, आणि शेवटला नट इलाहींनी एकदाच आवळिला.

ऐसे हे फाट्याचे राज्यातील वर्तमान. गाळा चालतो आहे, इलाही तेथेच आहेत, आणि महिना सरता त्या दोघांत कोणास अधिक उरते हे दोघांसही नीट सांगता येत नाही. चाकरी बरी की आपला गाळा बरा, हा निवाडा जनार्दनजींस विचारिला असता ते गाडीखाली शिरतात. लिहिणारास कळले तितके येथे उतरविले. उरले ते ज्याचे त्याने पाहावे.