शेवटच्याची पाठ

हवालदारकाका रांगेत कायम शेवटी उभे राहत. मागून कोणी आलं तर त्याला पुढे घालत आणि त्याची पाठ तपासत. मोहाडीत रेशनची रांग असो की तहसीलची, पुढच्याची कॉलर सरळ करायची, पिशवीचा पट्टा ओढून पाहायचा आणि खांद्यावर सणसणीत थाप. "ठीक!" किडमिडीत माणूस त्या थापेने थेट खिडकीवर जाऊन आदळे.

काका आमच्याच विणकर आळीतले. हातमाग सोडून फौजेत गेले, आग्र्याला विमानातून उडी मारायला शिकले, छातीवर पंखांचा बिल्ला लावून परतले. उडीआधी विमानात सगळे रांगेत उभे राहतात. जो तो पुढच्याच्या पाठीवरची छत्री तपासतो आणि थाप देतो.

"आपली पाठ आपल्याले दिसत नाही ना बाप्पा," काका सांगत.

"अन् शेवटच्याची?" मी विचारलं. मी घरातला पहिला बी.ए.; शंका काढणं माझं कामच.

"तो मांगं वळते. त्याच्या पुढचा पाह्यते."

तुमसरच्या बाजारात एका व्यापाऱ्याने पाकीटमार समजून त्यांचं मनगट धरलं. "अरे, खिसा नाही, पट्टा पाहून राह्यलो! उसवला हाय तुमचा." पट्टा खरंच उसवला होता. व्यापाऱ्याने चहा पाजला, पण पिशवी पोटाशी धरून.

लग्नात नवरदेवाच्या बाशिंगाची गाठही तेच ओढून पाहत. थाप बसल्यावर एक नवरदेव कळवळला, "काका, लगन हाय, उडी नाही!"

"जमिनीले टेकला का सांगजो मले."

काकांची स्वतःची पाठ मंदा पाही. बायको लवकर गेली. ही एकुलती पोरगी. रोज सकाळी काका दारात पाठमोरे उभे राहत. मंदा कॉलर सरळ करी, थाप मारी. "ठीक, बाबा." मगच काका बाहेर पडत.

मंदा नर्स झाली. नेमणूक आली नाकाडोंगरीची. आळी म्हणाली, "पोरीले जंगलात कायले धाडता? तुमच्याजवळ कोन राह्यन?"

"विमानाच्या दरवाज्यात आलेल्याले मांगं वढत नाही," काका म्हणाले.

एसटी स्टँडवर त्यांनी तिच्या पेटीची कडी पाहिली, पिशवीचा पट्टा ओढला, थाप मारली. ती त्यांच्याकडे वळेपर्यंत कंडक्टरने घंटी दिली.

पुढच्या आठवड्यात रॉकेलच्या रांगेत मी शेवटचा होतो. काका माझ्या मागे आले. कॉलर, थाप, ठीक. सगळं रीतसर झालं. थोड्या वेळाने मागे पाहिलं, तर हातात डबा घेऊन काका रस्त्याकडे तोंड करून उभे.

"काका, रांग इकडं हाय."

ते हलले नाहीत. त्यांची कॉलर अर्धी आत दुमडलेली होती.

मी ती बाहेर काढली, सरळ केली आणि भीतभीत खांद्यावर हात टेकवला. "ठीक, काका."

"अशी नाही बे, बी.ए.," काका न वळता म्हणाले. "लागली पाह्यजे."

मी पुन्हा मारली.