वांग्याच्या नावावरचं पाणी

गुडीहत्नूरजवळच्या एका वाडीत मथुराबाईंचा वांग्यांचा मळा होता आणि विहिरीवर अजून मोट होती. बैल म्हातारा झाला होता, बाईही काही तरुण होत नव्हत्या. म्हणून त्यांनी मोटारपंपाच्या करंटसाठी दरख्वास्त दिली. साल त्र्याण्णव. नेमकं त्याच साली सरकारला कळलं, की पिकं पाणी पितात. लगोलग 'पीकनिहाय जलभार मापन कक्ष' उघडला आणि हुकूम निघाला: ज्याचं पीक कमी पाणी पिईल, त्यालाच करंट.

मोजायला निरीक्षक सुधाकरराव आले. दारी आलेल्याला आधी पाणी, मग बाकीचं, ही मथुराबाईंची रीत. त्यांनी पाय धुवायला बादली दिली, प्यायला तांब्या दिला, चहा टाकला. सुधाकररावांनी सगळ्याचा स्वीकार केला आणि सगळं वांग्याच्या नावावर लिहिलं.

"साहेब, हे पानी तं तुमी पेले!"

"बाई, कायदा सरळ हाय. विहिरीतून निघालं ते पिकानं पेलं. निरीक्षकाचा रकानाच नाई."

जलभार मर्यादेबाहेर गेला. मग फेरमोजणी आली, ती जीपमध्ये बसून. जीपचं रेडिएटर भरलं, ड्रायव्हरनं अंघोळ उरकली. आकडा पाहून वरचं कार्यालय थक्क झालं आणि एवढं तहानलेलं वांगं पाहायला अख्खी समिती आली. तिच्यासाठी अंगणात सडा पडला, भरीत-भाकरीची पंगत उठली. एक वांगं एका म्हशीइतकं पाणी पितं, असा निष्कर्ष समितीनं हात धुता धुता खेदपूर्वक काढला.

"मंग म्या टोपल्यात म्हशी नेल्या का बाजारात?" मथुराबाईंनी विचारलं. त्यालाही रकाना नव्हता.

शेवटची एक तपासणी उरली. शेजारचे चंपतराव म्हणाले, "वहिनी, करंट पायजे ना? मंग कोनाले थेंबभर पानी देऊ नका."

भर वैशाखात, डोक्यावर ऊन असताना सुधाकरराव सायकल रेटत आले. ओठ सुकलेले. मथुराबाई रांजणाला पाठ लावून उभ्या राहिल्या. जन्मात इतकी लाज त्यांना वाटली नव्हती.

"बाई, घोटभर पानी द्या."

"नाई देत, साहेब. वांग्याच्या नावावर चढते."

सुधाकरराव रागावले नाहीत. ते नियमानं चालणारे गृहस्थ होते. कोरड्या घशानं त्यांनी शेरा लिहिला: 'समक्ष मागणी करूनही पाणी मिळाले नाही. सबब विहिरीस पाणी नाही. मोटारीची आवश्यकता नाही.'

बाजाराच्या दिवशी मथुराबाईंनी ही हकीकत गिऱ्हाइकाला सांगितली. गिऱ्हाईक भला माणूस. फार हळहळला, सरकारला दोन शिव्याही दिल्या. मग टोपलीतलं वांगं दाबून पाहत म्हणाला, "पण भाव जरा कमी करा, बाई. वांग्याला लागतं काय? नुसतं पाणीच ना!"

त्याचं नाव इथं देत नाही. मागच्या बाजारात तुम्ही काय म्हणालात, ते आधी आठवून पाहा.