चौघांचं जेवण राहून गेलं

आक्काला चार महिन्यांनी लेकीकडे, परदेशात, कायमचं राहायला जायचं होतं. जाण्याआधी सहाही भावंडांनी एकदा एका टेबलाशी बसून जेवावं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते तिने मास्तरांकडे मागितलं. सहा जणांत बाकीच्या पाचांशी बोलणं चालू असलेले एकटे मास्तरच होते. त्यांचा स्वभाव फार गोड होता अशातला भाग नाही. लोक काय बोलतात हे ते ऐकतच नसत, त्यामुळे त्यांचं कुणाशी बिनसायचा प्रश्नच आला नाही.

मास्तर हे घरातलं नाव. विद्यापीठात ते गणिताचे प्राध्यापक होते आणि सांत गट हा त्यांचा विषय होता. गट म्हणजे मोजक्या घटकांची अशी टोळी, की त्यातले कुठलेही दोन घटक एकापुढे एक ठेवले की टोळीतलाच एखादा घटक निघतो. काही गट शांत असतात. आधी कोण आणि नंतर कोण, याने त्यांना काही फरक पडत नाही. काहींत मात्र क्रम बदलला की सगळंच बदलतं, मोजे आधी की बूट आधी, तसं. पोटातले छोटे उपगट पाहून अख्खा गट कसा असेल हे सांगता येतं का, या एका प्रश्नात मास्तरांची तीस वर्षं गेली होती. सगळे उपगट शांत आणि तरी गट अशांत, असं होऊ शकतं, आणि त्याचं सगळ्यात छोटं उदाहरण नेमकं सहा घटकांचं आहे. दरवर्षी निम्मा वर्ग तिथे चुकतो आणि मास्तर लाल पेनने गुण कापतात. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात ‘मला काय माहीत’ म्हणायची सोय त्यांना नाही.

भावंडांचं बिनसलं होतं ते आईच्या शिलाई मशीनवरून. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, घर रिकामं केलं, आणि त्या गडबडीत मशीन कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. सहाही जणांचे लहानपणचे कपडे त्याच मशीनवर शिवलेले. त्या दिवसापासून सहा जण एका खोलीत आले नव्हते.

“सगळ्यांना एकदम बोलवून टाका की,” मास्तरांची बायको म्हणाली. “जे व्हायचं ते होईल.”

मास्तरांना हे पटलं नाही. आधी तपासायचं, मग बोलवायचं, असं त्यांनी ठरवलं. रविवारी दुपारी जेवायला कधी एकाला बोलवायचं, कधी दोघांना. मास्तर धरून दोन किंवा तीन.

“आणि चौघं?” बायकोने विचारलं.

“चौघं नसतात.”

“नसतात म्हणजे?”

“सहाच्या गटात चाराचा उपगट होतच नाही. चाराने सहाला भाग जात नाही. पाचानेही जात नाही. मग ते तपासायचं कशाला?”

“भाग जातो की नाही बघून भांडतात होय तुमची भावंडं?” बायको म्हणाली. “चार आले तर आपलं टेबल पुरायचं नाही. तुमच्या खोलीतलं बाहेर काढावं लागेल. एकदा काढून तरी बघा.”

मास्तर हसले. तीस वर्षांचा अनुभव पाठीशी असल्यावर माणूस हसतो तसे हसले.

त्यांना आणखी एका गोष्टीचा आनंद झाला होता. प्रत्येक उपगटात असा एक घटक असावाच लागतो, जो कुणालाच काही करत नाही. तो कुणाच्याही आधी येवो वा नंतर, समोरचा होता तसाच राहतो. ती जागा आपली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. आपण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

मग पंधरा रविवार जेवणं झाली. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले दादा आले, शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या ताई आल्या, दातांचे डॉक्टर आले, ग्रंथालयातली धाकटी आली, आक्का तर आलीच. मास्तरांनी जोड्या कशाही पाडल्या तरी एकही भांडण झालं नाही. दादा आणि ताई मान हलवून हलवून एकमेकांशी सहमत झाले. आक्का आणि डॉक्टर तर सूप निवेपर्यंत गप्पा मारत बसले. बाहेरून कुणी आल्यावरही शांतता टिकते का, हेही तपासायला हवं होतं, म्हणून मास्तर मध्येच बायकोला पाणी घेऊन आत बोलवत. ती आली तरी काही बिघडत नसे. बायको या सहांतली नव्हे, तेव्हा या चाचणीला काही अर्थ नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांनी वहीत पंधरा बरोबरच्या खुणा केल्या.

शांतता आहे की नाही एवढंच ते बघत होते, शांततेत काय बोललं जातंय ते त्यांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर कळलं असतं. दादा आणि ताई सहमत झाले होते ते मशीन आक्कानेच नेलं यावर, कारण शिवणकाम येतं तिलाच. आक्का आणि डॉक्टरांचं एकमत होतं की ते दादाने सुनेला दिलं. डॉक्टर आणि धाकटीला ताईंच्या शाळेतल्या शिवणवर्गाचा संशय होता. जो हजर नाही त्याच्या डोक्यावर खापर फुटत होतं, आणि हजर असलेल्यांची मनं जुळत होती. मास्तर मात्र मान डोलवत भात वाढत होते.

सोळाव्या रविवारी सहाही जण आले. आक्काने ठेवणीतले कपडे घातले होते आणि ती सारखी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. पहिली पाच मिनिटं कुणी बोललंच नाही. बोलायचं कुणाविषयी? खापर फोडायला बाहेर एकही डोकं उरलं नव्हतं.

शेवटी धाकटी सहज म्हणाली की आईचं मशीन आज असतं तर आक्काला बरोबर नेता आलं असतं. त्यावर दादा म्हणाले, की आता जातेच आहेस आक्का, तर सांगून टाक, कुणी काही म्हणणार नाही. आक्काच्या हातातला पेला तसाच राहिला.

“काय सांगून टाकू?”

“मशीनचं.”

“अकरा वर्षं तू मला घरी बोलावलं नाहीस ते का, ते आत्ता कळलं मला,” आक्का म्हणाली. “चोर म्हणत होतास होय मला?”

मग ताई दादांच्या बाजूने बोलल्या, डॉक्टर ताईंच्या शाळेवर घसरले, आणि धाकटीने कोण कुणाला काय म्हणालं होतं त्याचा तारीखवार पाढा वाचला. पंधरा रविवारांत जमलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मास्तर वही घेऊन उभे होते.

सूप निवत होतं. बायकोने मध्ये पडून सांगितलं की आधी बसून घ्या, टेबल पुरत नाही, यांच्या खोलीतलं कुणीतरी उचलून आणा. त्या खोलीत कागद हलतात म्हणून तिलाही हात लावायला मनाई होती. दादा आणि डॉक्टर, भांडतच, आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

“एवढं जड कसलं रे टेबल?” आतून डॉक्टरांचा आवाज आला.

ते त्यांनी ओढतच बाहेर आणलं. दारात चादर अडकली आणि वरच्या कागदांसकट खाली आली. दादा वाकून टेबलाची कड बघायला लागले. कडेवर चाकूने कोरलेल्या इंचाच्या खुणा होत्या, वाकड्यातिकड्या, एक ते बारा. त्या कोरल्याबद्दल दादांनी सातव्या वर्षी आईचा मार खाल्ला होता. आक्का उठून आली. तिने फळीची कडी न बघताच सोडली, फळी उघडली, आणि आत दुमडून ठेवलेलं मशीन वर काढलं.

“मास्तर, हे तुझ्याकडे?”

“ते टेबल आहे,” मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना आठवलं. घर रिकामं करायचा शेवटचा दिवस होता. डोक्यात सिद्धता घोळत होती आणि लिहायला जागा नव्हती. दारात उभ्या गाडीत त्यांनीच ते चढवलं होतं. बायको तेव्हा माहेरी होती. घरी येऊन त्यांनी त्यावर चादर टाकली, कागद मांडले, आणि संध्याकाळपर्यंत ते टेबल झालं होतं. खाली पाय ठेवायला हलती पट्टी आहे, विचार करताना पाय हलवता येतात, याचं त्यांना अकरा वर्षं कौतुक वाटत आलं होतं. गटांच्या रचनेवरचे त्यांचे नऊ शोधनिबंध आईच्या मशीनवर लिहून झाले होते.

पाच जणांनी मास्तरांकडे पाहिलं. त्या पाहण्यात पाचांचं पूर्ण एकमत होतं. मास्तरांना भयंकर लाज वाटली. मशीन आणलं याची तेवढी नाही. आपण खाली पाय हलवत बसलो आणि आक्का अकरा वर्षं चोर ठरून राहिली, याची.

आक्का जेवली नाही. दादांनी स्वतः तिच्या चपला आणून तिच्या पायांपुढे ठेवल्या आणि “चल, मी सोडतो” म्हणाले. ताई, डॉक्टर आणि धाकटीने मशीन जिन्यावरून खाली नेलं, एकमेकांना “जपून रे, जपून गं” म्हणत. मास्तर धरायला पुढे झाले, पण त्यांना कुठे हात लावायला जागाच मिळाली नाही. बायकोने सात वाट्यांतलं सूप पुन्हा पातेल्यात ओतलं.

पुढच्या रविवारी दुपारी फोन आला. मागे खूप माणसं हसत होती.

“दादाकडे आहोत,” आक्का म्हणाली. “पाचही जण. जेवणं झाली. इतकं हसलो म्हणून सांगू.”

“कशावर?”

“तुझ्यावर, आणखी कशावर?”

पाच घटकांचा गट शांतच असतो, दुसरा प्रकारच नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे येतं.

“त्या मशीनवर बसून अकरा वर्षं केलंस तरी काय रे?” आक्काने विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. छोटे भाग नीट असले की अख्खा गट कसा असतो, ते शोधत होतो.

“मग? कसा असतो?”

“सांगता येत नाही, आक्का.” मग ते म्हणाले, “चुकलो मी.”

पलीकडचं हसणं दूर गेलं. ती फोन घेऊन बाजूला गेली असावी. “मशीन माझ्याबरोबर येतंय,” ती म्हणाली. “सगळ्यांनी मिळून ठरवलं. पण सहा झालो नाही रे. पाचच झालो.”

बुधवारी आक्का गेली. तिला सोडायला चौघं गेले होते. मास्तरांना निघायची वेळ कुणी कळवली नव्हती.

महिन्याभराने खोलीत नवं टेबल आलं. हलकं आहे, चार पायांचं, खाली काही नाही. सकाळी चहा द्यायला बायको आत येते तेव्हा मास्तर कोऱ्या कागदाकडे बघत बसलेले असतात, आणि त्यांचा उजवा पाय खाली हवेतच वर-खाली होत असतो. ती पेला ठेवते आणि बाहेर जाते.