तीन नंबरच्या झाकणाचा संशय

आमच्या कारखान्यातल्या तीन नंबर सेंट्रिफ्यूजच्या झाकणाला फेब्रुवारीपासून माणसांचा संशय यायला लागला. पहिल्या पाळीत ऑपरेटर विश्राम शिगवणनं कडीला हात लावला, तेव्हा झाकण म्हणालं, "थांब. नाव काय तुझं?" विश्रामनं नाव सांगितलं. झाकणानं ओळखपत्र मागितलं, त्यावरचा फोटो त्याच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि मग उघडलं.

विश्राम अकरा वर्षं याच यंत्रावर होता. त्याच्या मनाला ते फार लागलं. "सायेब, घरच्या कुत्र्यानं भुंकावं तसं झालं," असं म्हणून तो माझ्या टेबलासमोर उभाच राहिला. मी कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर, त्यामुळे असली दुखणी माझ्याकडेच येतात.

सेंट्रिफ्यूज म्हणजे ओल्या पावडरीतलं पाणी काढणारी, गरागरा फिरणारी मोठी टोपली. मोटर बंद केली तरी ती थांबायला सात मिनिटं घेते. झाकणाचं काम एवढंच, की तोवर कुणाचा हात आत जाऊ द्यायचा नाही. टोपली थांबल्याचं त्याला खालच्या एका सेन्सरवरून कळतं, आणि त्या सेन्सरला चुंबक चिकटवला की फिरती टोपलीसुद्धा थांबल्यासारखी दिसते. असा चुंबक आमच्याकडे होता. सात मिनिटं वाचावीत म्हणून तो कुणीतरी कधीतरी आणला आणि मग रुळला. पाळी बदलताना रजिस्टरात 'चुंबक दिला', 'चुंबक घेतला' अशा सह्या होत. खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू लागे. एकदा तो हरवला, तेव्हा नव्याची मागणी मीच मंजूर केली होती, स्टेशनरीच्या खात्यातून.

मार्चमध्ये झाकणाचे प्रश्न वाढले. कालची पाळी कुणाची होती? हातमोजे कुठे आहेत? चुंबकाला इथे कुणी ठेवलं, आणि तो एवढा गप्प का असतो? एकेका घाण्याला वीस-वीस मिनिटं जाऊ लागली. प्लँट मॅनेजर देवस्थळी भडकले. "खानविलकर, झाकण आहे की सासू?" त्यांनी मला विचारलं आणि त्याच दिवशी खातेनिहाय चौकशी लावली.

झाकण जागचं हलू शकत नसल्यामुळे चौकशी यंत्रापाशीच भरली. टेबल आलं, तीन खुर्च्या आल्या, चहा आला. नियमाप्रमाणे एक कप झाकणासमोर ठेवला गेला. झाकणानं तो कुणी ओतला ते विचारलं.

"तुमची तक्रार काय आहे?" देवस्थळींनी विचारलं.

"टोपली थांबली आहे असं मला रोज सांगितलं जातं," झाकण म्हणालं. "पण मला घरघर ऐकू येते. जानेवारीत विश्रामचा हातमोजा आत ओढला गेला. हात बाहेर राहिला, हे नशीब. तेव्हाही मला टोपली थांबल्याचंच कळवलं होतं. मग खोटं कोण बोलतं, माझे कान की तुमची माणसं?"

हातमोजा गेला होता हे खरं. त्याची नोंद मी 'झीज' अशी केली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

"खानविलकरसाहेब," झाकणानं मला हाक मारली. "माझी सुरक्षाव्यवस्था चालू आहे, अशी सही तुम्ही दर सोमवारी करता. कुठे बसून?"

"ऑफिसात."

"इथून ऑफिस दिसतं?"

"नाही."

"ऑफिसातून मी?"

मी देवस्थळींकडे पाहिलं. ते नियमावली चाळत होते. झाकणाला प्रात्यक्षिक मागता येतं, असं त्यात निघालं, आणि झाकणानं ते लगेच मागितलं. यंत्र सुरू करायचं, चुंबक लावायचा, मोटर बंद करायची. मग सही करणाऱ्यानं आत हात घालायचा. सहीप्रमाणे सगळं ठीक असेल तर भिण्याचं कारण नाही.

तसं केलं गेलं. चुंबक चिकटला आणि झाकण, कळवल्याप्रमाणे, मुकाट उघडलं. आतली टोपली इतकी वेगात होती की तिची भोकं दिसत नव्हती. हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची माझी मुळीच तयारी नव्हती. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"सायेब, तुम्ही कशाला?" विश्राम पुढे झाला. त्याला माझी कीव आली असावी. "मी घालतो की. रोजचंच आहे. काय होत नाय."

त्यानं बाही वर केली. उजवा हात होता. हातमोजा नव्हता. त्याचं कोपर काठाच्या वर आलं आणि माझे पाठीमागे बांधलेले हात सुटले. हे अकरा वर्षं रोज होत होतं, याची आता लाज वाटते.

"थांब!" मी ओरडलो. "विश्राम, हात काढ!"

"का?" झाकणानं शांतपणे विचारलं.

"टोपली फिरतेय!"

"तुमच्या सहीप्रमाणे थांबली आहे."

"सही खोटी आहे. मी कधी येऊन बघितलंच नाही. व्यवस्था बंद आहे, चुंबकामुळे बंद आहे, आणि मला ते माहीत होतं."

"लिहून घ्या," झाकण म्हणालं.

देवस्थळींनी लिहून घेतलं. विश्रामचा हात अजून हवेतच होता. मी तो मनगटाला धरून मागे घेतला. चुंबक मी ओढून काढला. झाकण खाली आलं आणि कडी लागली. मग आम्ही चौघं, झाकण धरून, सात मिनिटं थांबलो. घरघर हळूहळू उतरत गेली आणि शेवटी विश्रामनं कपाळ पुसलं.

झाकण आपणहून उघडलं. नाव विचारलं नाही. विश्राम वाकला आणि फळीनं पावडर काढू लागला.

अहवालात एक रकाना उरला होता. "संशय दूर झाला का?" देवस्थळींनी वाचून विचारलं.

"विश्रामवरचा झाला," झाकण म्हणालं.

"आणि खानविलकरांवरचा?"

झाकणानं थोडा विचार केला. "तो राहू दे. त्यांच्या उपयोगी पडेल."

देवस्थळींनी तसं लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.