म्हात्रे सर आणि कारखान्यांकडचा वारा

म्हात्रे सर रोज सकाळी गॅलरीत उदबत्ती लावायचे. देवासाठी नाही, वाऱ्यासाठी. धूर कुठे वळतो ते बघायचे आणि वारा कारखान्यांकडून असला, की चाळीत जिला दिवस गेलेत तिचंच दार वाजवायचे. "खिडक्या लावा!"

सर मूळचे पेणच्या खाडीकडचे, रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आम्ही रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात त्यांच्या शेजारी राहायचो. मला पाचवा महिना लागला आणि सर वही घेऊन हजर. "माहेरी कुणाला दमा? सासरी?"

सासूबाई भडकल्या. "मास्तर, स्थळ बघायला आलाव काय? लगीन झालंय तिचं! आन् आमची चार पोरं ह्याच वाऱ्यात झाली. काय नाय झालं कुणाला."

"ज्याच्या त्याच्या शरीराची घडण, काकी, घडण!" म्हणत सरांनी घरून भाताची रोपं लावलेले दोन डबे आणले. "दोघांना मिठाचं पाणीच घालतो. हा आमच्या खारेपाटातला, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला, हा बाहेरचा." एक हिरवागार, दुसरा पिवळा पडलेला. "विषारी हवेचंही तसंच. ती पचवायची ताकद प्रत्येकाची वेगळी. तुमची वेगळी, सुनेची वेगळी आणि पोटातल्याची तिसरीच. आधी कसं कळणार?"

सासूबाईंनी पिवळ्या रोपांकडे पाहिलं आणि उठून खिडकी लावली.

पुढे एकदा सरांच्या बायकोला, नलूताईंना, मी हसत विचारलं, "सरांना हा नाद कुठून लागला हो?"

त्या हसल्या नाहीत. "मला जुळ्या झाल्या. थोरली आता कॉलेजात हाय. धाकटीच्या हृदयाला भोक होतं, आठ दिवस राहिली. पोटात असताना चंद्राला गिराण लागलं, ते मी पाळलं नाय म्हणून गेली, असं लोक बोलले. मलाही तेच वाटायचं. मग ह्यांनी पुस्तकं आणली, डॉक्टरांना विचारलं. धुरानंच झालं असं कुणी ठाम सांगत नाय. पण एक पोट, एक हवा, आणि दोघींचं दोन तऱ्हेचं झालं. माझ्या हातून काय चुकलं नाय, हे मला पटावं म्हणून हे अख्ख्या गावाला सांगत सुटलेत."

"पटलं तुम्हाला?"

"कधी पटतं, कधी नाय."

माझ्या मुलीच्या बारशाला नलूताई आल्या. कुणाच्याच बारशाला त्या जात नसत, हे मला नंतर कळलं. त्यांनी बाळाला उचलून छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.

सर दारातच थांबून नलूताईंकडे बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "आत या की, मास्तर."

"आलो, आलो," म्हणाले आणि चपला काढायला वाकले, ते बराच वेळ वाकूनच राहिले.