भैरूच्या वकिलीतले बनसोडे सर

गोष्टीतल्या दुष्टाला बनसोडे सर कधी एकटं मरू देत नसत. पुस्तकाच्या शेवटी राक्षस मरो, दरोडेखोर मरो, शेवटच्या पानावर त्यांची पेन्सिलीतली एक ओळ ठरलेली : 'याला कुणी विचारलं का?'

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास मी सांगवीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा ते तिथे ग्रंथपाल होते. अंगानं काटकुळे, खिशात टोक काढलेल्या दोन पेन्सिली. डासांना कुणी शिव्या दिल्या तरी म्हणत, "त्याचं बी काय म्हननं असंल की, सर!" एकदा मुख्याध्यापकांच्या स्कूटरचं सीट कुत्र्यानं फाडलं. शिपाई काठी घेऊन धावला. बनसोडे सर मात्र विचारत होते, "आदी स्कूटर कुठं लावली व्हती? त्याच्या झोपायच्या जागंवर?"

खरंच तिथंच लावली होती.

आमच्या भागात भैरू दरोडेखोराची दंतकथा सांगत. ऐन दुष्काळात त्यानं गावाची धान्याची कोठारं जाळली म्हणे. दर होळीला पोरं त्याचा पेंढ्याचा पुतळा जाळीत. सरांनी नेमक्या त्याच भैरूवर मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली. दोनशे पानी वहीत लिहायचं आणि ग्रंथालयाच्या तासाला नववीला वाचून दाखवायचं. त्यांचा भैरू होता चौदा वर्षांचा. धान्याची राखण करायचा आणि घरी त्याची आई उपाशी. एरवी पुस्तकाला हात न लावणारी पोरं सरांना दारात गाठून विचारत, "सर, पुढं काय झालं भैरूचं?"

होळी आली. पुतळा उभा राहिला, पण नववीतलं कुणीच काडी लावायला तयार होईना. एका पठ्ठ्यानं तर पुतळ्याला वडिलांच्या नव्या चपला घातल्या होत्या, पायाला चटके बसू नयेत म्हणून! दुसऱ्या दिवशी ते वडील चारपाच जणांना घेऊन शाळेत आले.

"पोरांना दरोडेखोराची माया शिकवताय व्हय?"

मुख्याध्यापकांनी वाचन बंद करायला सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "बंद करतो. एकच धडा राहिलाय. तेवढा तुमच्यासमोर वाचतो."

शनिवारी वर्ग भरला. मागं पालक हाताची घडी घालून उभे. आता सर भैरूची बाजू मांडणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण तो धडा निघाला एका बाईचा. भैरूनं जाळलेल्या धान्यावर तिचं घर चालणार होतं. त्या दुष्काळात तिची लेक भुकेनं गेली. भैरू पुढं तिच्या दारात येऊन हात जोडतो. ती त्याला माफ करत नाही. सरांनी वही मिटली. चपलांचे मालक खाली मान घालून निघून गेले.

मे महिन्याच्या सुट्टीत बारामतीच्या स्टँडवर सर भेटले. दोघांनाही पुण्याला जायचं होतं. एसटीत मी विचारलं, "तो शेवटचा धडा कसा सुचला?"

"मला कुठं सुचला? धाकट्यानं सांगितला."

धाकटा भाऊ पुण्याच्या तुरुंगात होता. पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं, त्यानं फावडं घातलं, शेजारचा माणूस गेला. सर दर महिन्याला भेटायला जात, आजही तिकडंच निघाले होते. लिहून झालेली वही तुरुंगातले शिपाई तपासून आत देत. भाऊ ती वाचे.

"आदीचे समदे धडे वाचून लई रडला," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग म्हनतो, दादा, मला लई चांगला केलास. त्या बाईचं बी लिही की."

"मला?" मी विचारलं.

"व्हय. 'भैरूला' न्हाय म्हनला. 'मला' म्हनला."

पुण्यात उतरल्यावर मी म्हटलं, "मी येऊ का बरोबर?"

सर थबकले. "चला की. माझ्याबिगर कुनी येत न्हाय त्याला भेटाय."

बराच वेळ रांगेत थांबल्यावर जाळीपलीकडं एक माणूस आला. केस पिकलेले, सरांपेक्षा थोरला वाटावा असा. घरचं, शेताचं काही विचारलं नाही त्यानं.

"दादा, त्या बाईचा धडा पोरांनी ऐकला का?"

"ऐकला. समद्यांनी ऐकला."

त्यानं जाळीला कपाळ टेकलं. सरांनी अलीकडून तिथंच तळहात ठेवला, आणि शिपायानं वेळ संपल्याचं सांगेपर्यंत तो काढला नाही.